दीड गुणाची घसरण: तेरा वर्षांच्या एका खेळाडूचं प्रकरण

मी सांगलीत मुलांना बुद्धिबळ शिकवतो. हे प्रकरण माझ्याच वर्गातल्या एका मुलीचं आहे. घरच्यांच्या संमतीने लिहितो आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि तिला इथे नुसतं ‘छोटी’ म्हणतो. रेटिंग (निकालांवरून ठरणारा खेळाडूच्या ताकदीचा आकडा) पडलं की घरात काय होतं, प्रशिक्षकाच्या डोक्यात काय चालतं आणि त्या घाईत कोणते निर्णय बरोबर ठरतात, कोणते चुकतात, हे एका मुलीच्या सव्वा वर्षाच्या निमित्ताने मांडतो.

पार्श्वभूमी

छोटी सहा वर्षांची असताना आजोबांनी तिला पट मांडून दिला. आजोबा जुन्या वळणाचे. प्यादं पहिल्या चालीतही एकच घर जाणार, राजाला एकदा घोड्यासारखी उडी मिळणार, असं देशी बुद्धिबळ ते तरुणपणी खेळलेले. सांगलीत या खेळाला पूर्वीपासून मान आहे. भाऊसाहेब पडसलगीकर आणि नूतन बुद्धिबळ मंडळ ही नावं इथल्या कुठल्याही जुन्या घरात काढा, कुणीतरी आठवण सांगतंच. त्यामुळे नात स्पर्धा खेळायला लागली, याचं आजोबांना फार अप्रूप होतं.

दहाव्या वर्षी ती माझ्याकडे आली. अकराव्या वर्षी तिला आंतरराष्ट्रीय रेटिंग मिळालं. २०२४ च्या सुरुवातीला ते ११८७ होतं. मग १ मार्च २०२४ ला ‘फिडे’ने, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाने, रेटिंगची पद्धत बदलली. २००० च्या खाली असलेल्या प्रत्येकाला, २००० ला जितके गुण कमी पडतात त्याच्या ४० टक्के गुण एकदाच वाढवून दिले. छोटीला ८१३ कमी पडत होते, म्हणून ३२५ मिळाले. एकही डाव न खेळता ती १५१२ झाली. त्याच बदलात रेटिंगची खालची मर्यादा १००० वरून १४०० वर गेली. १४०० च्या खाली घसरलं की खेळाडू यादीतून बाहेर, पुन्हा ‘अनरेटेड’.

घरच्यांनी यातला पहिला अर्धा भाग ऐकला आणि पेढे वाटले. दुसरा अर्धा भाग मी तेव्हाच नीट समजावून सांगायला हवा होता. सांगितला नाही. पुढचं बरंचसं त्यातून घडलं.

अडचण

मे महिन्याच्या सुट्टीत ती दोन रेटिंग स्पर्धा खेळली. दोन्ही नऊ-नऊ फेऱ्यांच्या, प्रत्येकाला ९० मिनिटं आणि चालीमागे ३० सेकंद. जूनच्या यादीत रेटिंग १४४९ झालं. ६३ गुण गेले होते.

वडील मला भेटायला आले ते थेट दुकान बंद करून. “सर, पोरगी खेळायचं विसरली का काय? पन्नास गुण आणखी गेले की नावच जाणार यादीतून.” आई शेजारी गप्प बसली होती. छोटी दारापाशी चपलेच्या अंगठ्याशी खेळत उभी.

घाबरण्यासारखं काही आहे का, हे बघायला मी त्यांच्यासमोर कागद घेतला. अठरा वर्षांखालच्या खेळाडूंसाठी रेटिंगचा गुणक ४० असतो. म्हणजे समोरच्याच्या रेटिंगवरून तुमच्याकडून जितक्या गुणांची अपेक्षा आहे, त्यापेक्षा डावांचा एक पूर्ण गुण, म्हणजे एका विजयाएवढा, कमी मिळाला की रेटिंगचे ४० गुण जातात. ६३ भागिले ४०. उत्तर दीडच्या किंचित वर. दोन स्पर्धांत मिळून छोटी अपेक्षेपेक्षा साधारण दीड गुण कमी खेळली होती. एक हार आणि एक बरोबरी एवढाच फरक.

आकडा लहान होता, तरी तो बघून मला हायसं वाटलं नाही. कारण डाव हरण्याची तऱ्हा मला माहीत होती. चांगली परिस्थिती हातात यायची, चाळिसाव्या चालीच्या पुढे ती निसटायची आणि मुलगी डोळे पुसत हॉलबाहेर यायची. शिवाय वर्षभर मी तिच्यावर सगळ्यात जास्त वेळ ओपनिंगसाठी, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या ठरीव चालींसाठी, घालवला होता. इटालियन, सिसिलियनचे तीन फाटे, लंडन सिस्टीमला उत्तर. फाईल जाड झाली होती.

समोर असलेले पर्याय

त्या संध्याकाळी चार गोष्टी बोलल्या गेल्या.

वडिलांच्या मनात ऑनलाइन कोच होता. टायटल (ग्रँडमास्टरसारखा किताब) असलेला, तासाला दीड हजार रुपये, आठवड्यातून दोन तास. महिन्याला बारा हजार. दुकानाच्या उत्पन्नातून ते कसं भागणार, हे त्यांनी सांगितलं नाही. आईने मात्र मान खाली घातली. मी या पर्यायाला तत्त्व म्हणून विरोध केला नाही. मोठ्या खेळाडूच्या नजरेखालून जाणं ही मोलाची गोष्ट असते. पण तो शिकवणार काय, हे ठरल्याशिवाय पैसे कशावर खर्च होणार? बहुतेक वेळा नवीन ओपनिंगवर.

दुसरं, जास्त स्पर्धा खेळायच्या. ‘रेटिंग खेळूनच वाढतं’ हे वाक्य प्रत्येक हॉलबाहेरच्या पालकांच्या घोळक्यात ऐकू येतं. त्यात तथ्य आहे, पण त्याच चुका जास्त वेळा केल्या तर गुणही जास्त वेळा जातात. प्रवेश फी, प्रवास आणि लॉजचं भाडं हा खर्च वेगळाच.

तिसरं, ओपनिंग पूर्ण बदलायचं. हे मीच सुचवलं होतं, हे नमूद करायला हवं.

चौथं आईकडून आलं आणि ते सल्ला म्हणून आलंच नव्हतं. त्या म्हणाल्या, “सर, ती हरलेले कागद बघतच नाही. घरी आली की डब्यात टाकते.” डबा म्हणजे लाडवांचा जुना स्टीलचा डबा. त्यात स्कोअरशीटच्या, म्हणजे डावाच्या चाली लिहायच्या कागदांच्या, कार्बन प्रती.

मी म्हटलं, आठ दिवस द्या. डबा माझ्याकडे पाठवा. तोवर कुठलाच निर्णय नको.

डब्यात काय निघालं

पुढच्या रविवारी मी आणि छोटी वर्गाच्या फरशीवर बसलो. हरलेले १२ डाव आणि बरोबरीचे ५, असे १७ कागद. प्रत्येक डाव पटावर पुन्हा खेळला आणि डाव जिथे हातातून गेला त्या चालीला लाल खूण केली. कॉम्प्युटर लावला नाही.

ओपनिंगमुळे, म्हणजे पहिल्या पंधरा चालींत, गेलेले डाव निघाले ३. एका चालीत मोहरं फुकट दिलेले ६. उरलेले ८ डाव अंतिम पर्वात, म्हणजे पटावर थोडीच मोहरी उरल्यावर, बिघडले होते आणि त्या आठही डावांत एका टप्प्यावर ती बरोबरीत किंवा वरचढ होती. वर्षभराच्या माझ्या शिकवणीचा मोठा वाटा त्या पहिल्या तीनवर गेला होता. ते तीन आकडे एका ओळीत लिहिलेले पाहिले आणि ओपनिंग बदलायचा माझा प्रस्ताव मी तिथेच मागे घेतला.

त्या आठांतला एक डाव जसाच्या तसा सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं राहिलं. पांढऱ्याकडून छोटी. (घरांच्या नावांत अक्षर उभ्या पट्टीचं, आकडा आडव्या रांगेचा.) तिचा राजा जी8 वर, प्यादं जी7 वर, हत्ती एफ1 वर. काळ्याचा राजा ई7 वर, हत्ती एच2 वर. प्यादं वजीर व्हायला एकच घर बाकी, पण त्या घरात स्वतःचाच राजा बसलेला. बुद्धिबळाच्या पुस्तकांत ही ‘लुसेना’ची स्थिती म्हणून शेकडो वर्षं आहे आणि ती जिंकलेली आहे. हत्ती चौथ्या रांगेत, एफ4 वर आणायचा. मग ई4 वरून शह देऊन काळा राजा लांब ढकलायचा. राजा बाहेर काढायचा, मागून शह येत राहतील, ते चुकवत पाचव्या रांगेत यायचं आणि शेवटच्या शहाला आपला हत्ती मध्ये घालायचा. याला पूल बांधणं म्हणतात. छोटीने ई1 वरून शह दिला, तोवर ठीक होतं. मग हत्ती तिथेच ठेवून राजा बाहेर काढला. शह सुरू झाले. राजा खाली खाली पळाला, प्यादं एकटं पडलं आणि मेलं. बरोबरी.

“तुला इथे किती वेळ होता?” मी विचारलं.

ती म्हणाली, “भरपूर. दुसऱ्या एका डावात तर संपल्यावर आर्बिटर घड्याळ बघून हसले. सत्त्याण्णव मिनिटं होती.”

तो डाव ४४ चालींचा होता. ९० मिनिटं आणि ४४ अर्ध्या मिनिटांची २२, म्हणजे एकूण ११२ मिनिटं तिला मिळाली. त्यातली तिने वापरली १५. चालीमागे वीस सेकंद, त्यातच चाल लिहायचीसुद्धा. सुरू करतानाच्या वेळापेक्षा जास्त वेळ शिल्लक ठेवून मुलगी हरली होती. एका चालीत दिलेली सहा मोहरी आणि अंतिम पर्वातले आठ डाव, दोन्हींचं मूळ तिथे दिसलं.

निर्णय आणि कृती

ठरलं ते असं: दिवाळीपर्यंत रेटिंग स्पर्धा नाही. साडेचार महिने. वडिलांना हे पचवायला दोन दिवस लागले. न खेळता रेटिंग पडत नाही, हा मुद्दा त्यांना सगळ्यात जास्त पटला, आणि त्या क्षणी मला तोही चालला. ऑनलाइन कोचचं दिवाळीनंतर बघू, असं ठरलं.

पहिला प्रश्न वेळेचा. ‘आधी कागदावर चाल लिही, मग खेळ’ हा जुना उपाय माझ्या पिढीला शिकवला गेला होता. आता तो नियमात बसत नाही. बरोबरीचा दावा वगैरे सोडला तर चाल खेळल्यानंतरच लिहायची असते. पण स्कोअरशीटवर घड्याळातली वेळ लिहायला नियमाची परवानगी आहे. म्हणून प्रत्येक चालीपुढे उरलेली मिनिटं लिहायची सवय लावली. आणि हात मांडीखाली. समोरच्याची चाल झाली की हात मांडीखाली घ्यायचे, ‘याने हे का खेळलं?’ एवढाच प्रश्न मनात विचारायचा, उत्तर मिळाल्यावर हात बाहेर. पहिले पंधरा दिवस तिला हे शिक्षेसारखं वाटलं. पाय हलायचे, नजर खिडकीत. जुलैच्या मध्यात एकदा तिने तेरा मिनिटं एका चालीवर घालवली आणि चाल बरोबर निघाली. त्या कागदावर तिने स्वतःच्या हाताने चौकट काढली आहे.

दुसरं काम वहीचं. दर आठवड्याला स्वतःचा एक डाव, शब्दांत लिहून. इथे मी जुना जगज्जेता बोट्विनिकचा आधार घेतला. कार्पोव्ह, कास्पारोव्ह आणि क्रामनिक हे पुढचे जगज्जेते ज्यांच्या शाळेतून गेले ते बोट्विनिक स्वतःच्या डावांचं कठोर विश्लेषण ही सुधारणेची मुख्य वाट मानत. छोटीसाठी नियम साधा होता: दोन दिवस इंजिन, म्हणजे चाली तपासणारा कॉम्प्युटर प्रोग्राम, उघडायचं नाही. तीन गोष्टी लिहायच्या. मला काय वाटत होतं, समोरच्याचा बेत काय होता, आणि मी कुठे घाबरले. तिसरा प्रश्न मी सहज घातला होता. वहीतली सगळ्यात लांब उत्तरं त्याचीच आहेत. ‘तिचं रेटिंग १७०० होतं म्हणून मी वजिरांची मारामारी केली’ हे तिने तीन वेगवेगळ्या डावांत लिहिलं, तेव्हा तिला आणि मला एकदमच कळलं की वजीर पटावरून घालवणं हा तिचा बेत नसून तिची भीती आहे. इंजिन ती चाल ‘बरी’ म्हणून सोडून देतं. त्याला भीती दिसत नाही.

तिसरं, अंतिम पर्व. राजा-प्याद्याचे मूलभूत डाव, लुसेना, आणि बचावासाठी फिलिडोरची स्थिती. एवढंच. पण प्रत्येक स्थिती माझ्याविरुद्ध दहादा, दोन्ही बाजूंनी, घड्याळ लावून. आठवीतल्या मुलीला एकच गोष्ट दहादा करायला लावणं सोपं नाही. पाचव्या वेळेपासून ती मला शिकवायला लागली आणि मग कंटाळा गेला.

कॅपाब्लांकाच का

मोठ्या खेळाडूंचे डाव बघायचे, हे सगळेच सांगतात. कुणाचे आणि कसे, हे ठरवायला मला आठवडा लागला. छोटीला जुना जगज्जेता मिखाईल ताल आवडायचा, तिच्या भिंतीवर त्याचं चित्र होतं. बलिदानं, धूर, गोंधळ. तालचे डाव बघताना ती टाळ्या वाजवायची, पण डाव संपला की तिच्याजवळ आनंद उरायचा, पद्धत उरायची नाही. निदान तिच्या त्या वयात. तिची गरज होती ती शांत परिस्थितीत पुढे काय करायचं, याची. त्यासाठी होझे राउल कॅपाब्लांका. क्यूबाचा, १९२१ ते १९२७ जगज्जेता, आणि त्याच्या डावांतला बेत लहान मुलालाही शब्दांत सांगता येतो.

आजोबांनी नाव ऐकलं आणि लगेच म्हणाले, “त्याला आपल्या सुलतान खानाने हरवलंय.” खरंच हरवलं होतं, १९३०-३१ च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत. सुलतान खानसुद्धा देशी बुद्धिबळावर वाढलेला. मग आजोबा आमच्या सत्रांना येऊन बसायला लागले, आणि छोटीला आपल्या बाजूचं एक माणूस मिळालं.

पद्धत अशी. डाव कागदावर, चालींवर पोस्टकार्ड झाकलेलं. पुढची चाल तिने सांगायची, कारणासह, मग कार्ड एक ओळ खाली. आठवड्याला दोनच डाव, प्रत्येकाला तास-सव्वा तास.

ऑगस्टमध्ये आम्ही कॅपाब्लांकाचा टार्टाकोवरविरुद्धचा, न्यूयॉर्क १९२४ चा डाव घेतला. हत्तींचं अंतिम पर्व. पांढऱ्याचा हत्ती सातव्या रांगेत, पण काळ्याचा हत्ती सी3 वरच्या प्याद्यावर डोळा ठेवून. छोटीने लगेच हत्ती मागे आणून प्यादं वाचवलं. मी कार्ड सरकवलं. राजा जी3.

“सर, प्यादं मरतंय. आणि वर शह पण बसतोय.”

“बसू दे. पुढची?”

कार्ड खाली. राजा एच4. मग प्यादं जी6. मग दुसरं प्यादं, एफ4 वरचं, तेही शहासकट गेलं. राजा जी5. आता काळ्याचं एफ5 वरचं प्यादं राजाच्या तोंडाशी. छोटी म्हणाली, “हे तरी मारा.” कार्ड खाली: राजा एफ6. प्यादं तसंच सोडलेलं. ती बराच वेळ पटाकडे बघत राहिली. मग बोट एफच्या उभ्या पट्टीवरून वर नेलं आणि मध्येच थांबवलं. “हे त्याचंच प्यादं, पण याच्या राजाची छत्री झालीय. हत्तीला खालून शहच देता येत नाही.”

त्या क्षणाला मी काही बोललो नाही. आजोबांनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

इथे एक गोष्ट नोंदवायला हवी. डच मानसशास्त्रज्ञ आड्रियान द ग्रूट आणि नंतर १९७३ मध्ये चेस आणि सायमन यांनी दाखवलं की खऱ्या डावातली स्थिती काही सेकंद दाखवली तर तरबेज खेळाडू ती जवळपास पूर्ण मांडतात. मोहरी वाटेल तशी पेरली की त्यांची आघाडी जवळजवळ नाहीशी होते. सरावाने त्यांच्या डोक्यात अर्थ असलेल्या आकृती साठलेल्या असतात. छोटीच्या डोक्यात त्या दिवशी एक आकृती शिरली: समोरच्याचं प्यादं, माझ्या राजाची छत्री. पाठ केलेल्या वीस चालींतून ती शिरली नसती.

जिथे माझं चुकलं

जूनमध्ये मी फोनवरचं ब्लिट्झ पूर्ण बंद करायला लावलं होतं. तीन-तीन मिनिटांचे डाव, दिवसाला वीस-पंचवीस. कारण स्पष्ट होतं, वीस सेकंदांत चाल टाकायची सवय तिथूनच आली होती. आईने अ‍ॅप काढून टाकलं. ऑगस्टच्या शेवटी कळलं की ती रात्री अकरानंतर आईच्याच फोनवर, ब्राउझरमधून खेळते. आईला रडू आलं ते खेळण्यापेक्षा खोटं बोलल्याचं. वडील म्हणाले, बुद्धिबळच बंद.

तो आठवडा या प्रकरणातला सगळ्यात नाजूक होता. मी छोटीला बोलावून विचारलं, काय मिळतं त्यात? म्हणाली, “तिथे मी जिंकते, सर. इथे तुम्ही मला नुसते हरलेलेच डाव दाखवता.”

ते खरं होतं. तीन महिने तिच्यासमोर लाल खुणाच होत्या. स्पर्धा नाही म्हणजे जिंकणंही नाही. त्यात जुलैअखेर मी आणखी एक चूक केली होती: शालेय जिल्हास्तरीय स्पर्धेत तिला खेळू दिलं नव्हतं. ‘जलद डाव असतात, सवय मोडेल’ असं माझं म्हणणं. त्या स्पर्धेत रेटिंगचा प्रश्नच नव्हता, आणि तिच्या वर्गातल्या तीन मैत्रिणी शाळेच्या टीममध्ये होत्या. ती घरी बसली, त्या जाऊन आल्या आणि फोटो शाळेच्या फलकावर लागले.

मग आम्ही तिघांनी, म्हणजे तिने, आईने आणि मी, नवा करार केला. रविवारी दुपारी ऑनलाइन सहा डाव, दहा मिनिटं आणि पाच सेकंदांचे. हरलेल्यातला एक डाव वहीत. जिंकलेल्यातलाही एक डाव वहीत, आणि तो आधी. बंदी घालण्याआधी मी तो प्रश्न जूनमध्येच विचारला असता, तर दोन महिन्यांचं चोरटेपण आणि आईचे अश्रू दोन्ही टळले असते.

निष्पत्ती

दिवाळीच्या सुट्टीत पुण्यात नऊ फेऱ्यांची स्पर्धा. पहिल्या सहा फेऱ्यांत चढउतार. सातव्या फेरीत पेअरिंग लागलं ते १६८० रेटिंगच्या खेळाडूशी. छोटी काळ्याकडून, हत्तीच्या अंतिम पर्वात एक प्यादं कमी. फिलिडोरची स्थिती. समोरचा राजा पुढे येऊ नये म्हणून हत्ती सहाव्या रांगेत धरून ठेवायचा, आणि प्यादं सहाव्या रांगेत सरकलं की हत्ती लगेच खाली, समोरच्याच्या पहिल्या रांगेत नेऊन मागून शह द्यायचे. ती स्कोअरशीट माझ्यासमोर आहे. प्यादं पुढे येतं त्या चालीपुढे वेळ लिहिली आहे ३१. उत्तराची चाल, हत्ती खाली. वेळ २४. सात मिनिटं तिने एका पाठ असलेल्या चालीवर घालवली, कारण खात्री करून घ्यायची होती. बरोबरी. त्या एका बरोबरीने रेटिंगमध्ये जवळपास १२ गुणांची भर पडली.

नवव्या फेरीत ती सिसिलियनच्या एका सापळ्यात अठरा चालींत हरली. ओपनिंगची ती तीन भोकं आम्ही बुजवलेलीच नव्हती.

स्पर्धेअखेर रेटिंग १४९६. मधल्या परीक्षांच्या महिन्यांत काहीच हाललं नाही. २०२५ च्या मे महिन्यानंतर १५५३. चौदाव्या वर्षात मूल तसंही वाढतं, तेव्हा यातलं किती श्रेय वहीला आणि किती वयाला, हे वेगळं काढता येणार नाही. पण घड्याळाचे आकडे माझ्याकडे आहेत. मे २०२५ मध्ये चाळीस चालींपुढे गेलेल्या एकाही डावात तिच्याकडे ४० मिनिटांहून जास्त वेळ उरला नव्हता, आणि एका चालीत मोहरं दिलेला डाव फक्त एक होता.

ऑनलाइन कोच शेवटी लावला, पण वेगळ्या तऱ्हेने. दोन महिन्यांतून एकदा, एक तास. छोटी आधी स्वतःचे तीन डाव लिहून पाठवते आणि तो तास त्या तीन डावांवरच जातो.

पुन्हा करायचं झालं तर

रेटिंगचं गणित मी १५१२ झालं त्याच दिवशी पालकांना कागदावर करून दाखवीन, वर जाण्याचं आणि खाली येण्याचं. शालेय स्पर्धा सोडायला लावणार नाही. साडेचार महिन्यांची विश्रांती तीन महिन्यांवर आणीन, कारण सप्टेंबरनंतर तिला खेळायची भूक लागली होती आणि आम्ही ती दाबली. आणि सतरा कागद फरशीवर पसरायचं काम वर्षाच्या सुरुवातीला करीन, म्हणजे पडलेल्या रेटिंगची वाट बघावी लागणार नाही.

तालचं चित्र भिंतीवर तसंच आहे. मी ते काढायला कधीच सांगितलं नव्हतं.

जुलै २०२५ मध्ये नागपूरची दिव्या देशमुख जॉर्जियातल्या बाटुमीला कोनेरू हंपीला टायब्रेकमध्ये हरवून महिलांचा विश्वचषक जिंकली आणि ग्रँडमास्टर झाली. दुसऱ्या दिवशी छोटीच्या वडिलांचा मेसेज आला: दिव्या कोणतं ओपनिंग खेळते, ते छोटीला शिकवता येईल का? मी उत्तर लिहायला घेतलं होतं, तेवढ्यात त्यांचाच दुसरा मेसेज आला. छोटीने अंतिम लढतीचा एक डाव काढला होता. चालींवर पोस्टकार्ड ठेवलं होतं, आणि आजोबांना विचारत होती, सांगा, आता ही काय खेळेल?

ओपनिंगमध्ये गेलेल्या त्या तीन डावांवर आम्ही पुढच्या रविवारपासून बसलो आहोत.